लाल दिवा लागतो, मग होम थिएटर सुरू का होत नाही?

प्रश्न : आमच्याकडे सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले होम थिएटर आहे. मध्ये प्रोसेसर-अ‍ॅम्प्लिफायरचा जड डबा, त्याला पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मे महिन्यात एका रात्री वादळी पाऊस झाला, लाइट दोन-तीनदा गेली-आली. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू होत नाही. लाल दिवा लागलेला असतो. बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज होतो, डिस्प्लेवर क्षणभर अक्षरे उमटतात, पुन्हा ‘टक्’ होते आणि लाल दिवा लुकलुकू लागतो. भाचा म्हणतो, बोर्ड गेला, आता साउंडबार घ्या. मला मात्र आधी समजून घ्यायचे आहे, की बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंतच्या त्या चार-पाच सेकंदांत आत घडते तरी काय?
— एक वाचक, पुसद

उत्तर : ‘बोर्ड गेला’ एवढ्याने काहीच कळत नाही. त्या डब्यात तीन-चार निरनिराळे बोर्ड असतात, आणि यंत्र बंद पडण्याची कारणे पुष्कळदा डब्याबाहेरच असतात. तुम्ही विचारलेला प्रश्न हीच निदानाची खरी सुरुवात आहे. यंत्र कुठल्या पायरीपर्यंत चढते आणि कुठे थांबते, हे नीट पाहिले तर स्क्रूड्रायव्हर हातात न घेताही बरेच काही उलगडते.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे बटण फिरवले की घरातली वीज थेट आत जायची. आजच्या डब्यावरचे बटण वीज जोडत नाही. मायक्रोकंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला ते फक्त कळवते, की यंत्र सुरू करायचे आहे. सुरू करायचे की नाही, हे ती चिप ठरवते. आवाजाचे काम गुंतागुंतीचे होत गेले, तशी ही व्यवस्था आली. १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’ हा डॉल्बी डिजिटल ध्वनी असलेला पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. पुढे डीव्हीडीबरोबर तेच तंत्र घरात आले आणि ‘५.१’ हा शब्द दुकानदारांच्या तोंडी रुळला : पाच स्पीकर आणि एक सबवूफर. २०१२ साली आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने त्यात डोक्यावरून येणाऱ्या आवाजांची भर घातली. हे सगळे आवाज वेगळे करून प्रत्येकाला नेमक्या क्षणी नेमक्या स्पीकरकडे पाठवायचे, तर डब्यात एक संगणकच बसवावा लागतो. त्या संगणकाला, शेजारच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि बाहेरच्या स्पीकरांना सांभाळणे हेही त्या चिपचे काम असते.

आता ते चार-पाच सेकंद पाहू.

पहिली पायरी बटण दाबण्याआधीचीच आहे. प्लग लावून सॉकेटचा स्विच चालू केला, की आतला एक छोटा वीजपुरवठा कायम जागा राहतो. त्याला स्टँडबाय सप्लाय म्हणतात. तो मायक्रोकंट्रोलरला तीन ते पाच व्होल्ट देतो. रिमोटची खूण ओळखण्यासाठी एवढी वीज पुरते. तुमचा लाल दिवा लागतो, याचा अर्थ सॉकेटमध्ये वीज आहे, वायर धड आहे, मुख्य फ्यूज शाबूत आहे आणि स्टँडबाय सप्लाय निदान दिवा लावण्याइतका तरी चालतो आहे.

दुसरी पायरी म्हणजे पहिला ‘टक्’. तुम्ही बटण दाबता, चिप एका रिलेला हुकूम देते आणि रिले मुख्य ट्रान्सफॉर्मरला वीज जोडतो. मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना पहिल्या झटक्यात भरपूर प्रवाह ओढतो, म्हणून बऱ्याच यंत्रांत तो प्रवाह आधी एका रेझिस्टरमधून नेतात आणि क्षणभराने दुसरा रिले थेट वाट मोकळी करतो.

तिसऱ्या पायरीवर ट्रान्सफॉर्मरमधून निरनिराळे व्होल्टेज तयार होतात : अ‍ॅम्प्लिफायरसाठी जास्त, आवाजाच्या नाजूक भागांसाठी मध्यम, संगणकाच्या चिपांसाठी अगदी कमी. डिस्प्लेवर अक्षरे दिसतात ती इथे. म्हणजे तुमचे यंत्र तिसऱ्या पायरीपर्यंत व्यवस्थित येते.

चौथी पायरी तपासणीची. सगळे व्होल्टेज ठरल्याप्रमाणे आले का? कुठे शॉर्ट आहे का? तापमान बरे आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी तर येत नाही ना? आवाज म्हणजे एसी, मागे-पुढे होणारा प्रवाह. अ‍ॅम्प्लिफायरचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर स्पीकरकडे सलग डीसी जातो. त्याने स्पीकरची कॉइल एका जागी ताणून धरली जाते, तापते आणि थोड्याच वेळात जळते. तसा धोका दिसला की चिप मुख्य रिले सोडते. तोच तुमचा दुसरा ‘टक्’. लुकलुकणारा दिवा हा संरक्षणाचा इशारा आहे. पुष्कळ यंत्रांत तो किती वेगाने किंवा किती वेळा लुकलुकतो यावरूनही बिघाडाचा प्रकार कळतो, त्याचा तक्ता माहितीपुस्तिकेत किंवा दुरुस्ती-पुस्तिकेत असतो.

तपासणीत सगळे ठीक असते, तर पाचव्या पायरीवर स्पीकरचा रिले जोडला गेला असता आणि आवाज आला असता. तुमचे यंत्र चौथ्या पायरीवर थांबते. ते मेलेले नाही, स्वतःला आणि स्पीकरांना वाचवते आहे. म्हणून पहिली विनंती ही, की पुन्हा पुन्हा बटण दाबून त्याला भाग पाडू नका. दर वेळी तो बिघडलेला भाग थोडा वेळ वीज खातो आणि नुकसान वाढते.

दुसरे काम तुम्ही आजच करू शकता. सॉकेटचा स्विच बंद करून प्लग काढा. डब्याला जोडलेली एकूण एक वायर काढा : स्पीकरच्या, सबवूफरची, एचडीएमआय, अँटेना, नेटची केबल, पेन ड्राइव्ह. कोणती वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो आधी काढून ठेवा. अर्धा तास डबा तसाच राहू द्या, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरते आणि अडकलेली चिप नव्याने सुरू होते. मग एक्स्टेंशन बोर्ड वगळून प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि डब्यावरचेच बटण एकदा दाबा, रिमोट नको.

डबा सुरू होऊन सुरूच राहिला, तर दोष बाहेर आहे. यंत्र बंद करून एक वायर जोडा, सुरू करून पाहा, पुन्हा बंद करून पुढची जोडा. ज्या वायरीनंतर ते बंद पडते ती गुन्हेगार. स्पीकरची वायर असेल तर टर्मिनलजवळ नीट पाहा. तारेचा केसाएवढा एखादा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतो. सोफ्याखाली दबलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायरही हेच करते. मल्टिमीटर असेल तर सुट्या केलेल्या स्पीकरचा रेझिस्टन्स मोजा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहा-सात ओहम दिसायला हवेत. शून्याजवळ आकडा आला तर तो स्पीकर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

एचडीएमआयची वायर जोडताच यंत्र बंद पडले, तर दोन शक्यता. साधी शक्यता अशी, की टीव्ही आणि डबा एकमेकांना एचडीएमआयमधून चालू-बंदचे संदेश देतात आणि त्यात घोटाळा झालेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमधून ती सोय बंद करून पाहा. दुसरी शक्यता तुमच्या वादळी रात्रीशी जोडलेली आहे. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीपासून केबल सेट टॉप बॉक्सला येते, तिथून एचडीएमआय डब्यात जाते. जवळपास आकाशातली वीज कोसळली की तिचा झटका घरच्या वायरिंगला न शिवता या वाटेनेही आत शिरतो आणि एचडीएमआयचा नाजूक बोर्ड निकामी करतो. पुसदच्या परिसरात मृगाच्या आधीची वादळे जोराची असतात. गडगडाट ऐकू आला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि छत्रीची केबलही सोडवायची.

सगळ्या वायरी काढूनही डबा पहिल्यासारखाच बंद पडला, तर दोष आत आहे. संशयित मुख्यतः दोन. एक, अ‍ॅम्प्लिफायरचा शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर. दोन, उष्णतेने सुकलेले कपॅसिटर. पुसदला उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डबा बहुतेकांच्या घरी टीव्ही युनिटच्या बंद खणात असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. तुमचे यंत्र गेल्या काही महिन्यांत दोन-तीनदा बटण दाबल्यावरच सुरू होत होते का, हे घरच्यांना विचारा. तसे असेल तर कपॅसिटर आधीच थकले होते आणि वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला.

यापुढचे काम कारागिराचे. २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि बऱ्याच यंत्रांतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तेवढा डीसी काही वेळ धरून ठेवतो. म्हणून घरी झाकण उघडू नका.

प्रश्न : आमच्या डब्याचा लाल दिवासुद्धा लागत नाही. त्याच सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर मात्र व्यवस्थित चालतो, म्हणजे वीज ठीक आहे. त्या संध्याकाळी आमच्या घरचे बल्ब एकदम लख्ख झाले होते आणि शेजारी मंद पडले होते. याचा संबंध असेल का?
— एक वाचक, दिग्रस

उत्तर : पूर्ण संबंध आहे, आणि तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे आहे. एकीकडे बल्ब लख्ख आणि दुसरीकडे मंद, हे न्यूट्रल तुटल्याचे लक्षण. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये सुमारे ४००. वाऱ्याने न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या बाजूला कमी उपकरणे चालू असतात तिथे व्होल्टेज वाढत वाढत ४०० च्या दिशेने जाते. असे दिसताच घरचा मेन स्विच लगेच बंद करावा, टोल-फ्री १९१२ वर किंवा वायरमनला कळवावे आणि दुरुस्ती झाल्यावर व्होल्टेज मोजूनच मेन लावावा.

मोबाइल चार्जरवर विसंबू नका. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये सारखेच चालतात, पुष्कळ एलईडी बल्बांचेही तसेच. त्यामुळे चार्जर चालतो एवढ्यावरून व्होल्टेज बरोबर आहे असे ठरत नाही. स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या.

व्होल्टेज आज ठीक असेल तर क्रम असा : डब्याच्या मागे मुख्य स्विच असेल तर तो चालू आहे का, निघणारी वायर असेल तर तशीच दुसरी लावून दिवा लागतो का, मागच्या बाजूला फ्यूजची खोबण असेल तर फ्यूज शाबूत आहे का. फ्यूज बदलताना त्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा आणि प्रकार तोच हवा. ‘टी’ लिहिलेला फ्यूज सावकाश उडणारा असतो, त्याच्या जागी तसाच लागतो. तारेचा तुकडा कदापि लावू नका. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिथेच थांबा.

बऱ्याच यंत्रांत वीज आत शिरते तिथे फ्यूजमागे एक निळी किंवा पिवळी चकती असते, एमओव्ही. व्होल्टेज भलतेच वाढले की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि मागच्या भागांना वाचवते. तुमच्याकडे एवढेच झाले असेल तर दुरुस्ती अगदी स्वस्तातली आहे. ती चकती नसेल किंवा तिला उशीर झाला असेल, तर स्टँडबाय सप्लाय जळालेला असतो. त्यातला कपॅसिटर साधारण ४०० ते ४५० व्होल्टचा असतो, आणि ४०० व्होल्ट एसीचे शिखर ५६५ पर्यंत जाते. तरीही हा भाग छोटा असतो आणि चांगल्या कारागिराला तो दुरुस्त करता येतो.

प्रश्न : पुतण्याने अमेरिकेहून येताना नवाकोरा प्रोसेसर आणला. पिन बदलण्याचा अ‍ॅडॉप्टर लावून प्लग घातला, फट्‌ असा आवाज झाला आणि काहीच सुरू झाले नाही. नवे यंत्र पहिल्याच दिवशी कसे जाते?
— एक वाचक, उमरखेड

उत्तर : डब्याच्या मागची पट्टी वाचा. तिथे ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते यंत्र अमेरिकेतल्या विजेसाठी बनवलेले आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असते. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. यंत्राला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळाले. ‘फट्‌’ आवाज बहुधा त्याच चकतीचा किंवा फ्यूजचा असावा, आणि तसे असेल तर ते सुलक्षण आहे. काही ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतही एक उष्णतेचा फ्यूज दडवलेला असतो. कारागिराला ‘१२० चे यंत्र २३० वर लागले’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, त्याचा शोधण्याचा वेळ वाचेल.

दुरुस्तीनंतर हे यंत्र कायम स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालवायचे. पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेले असतील त्याहून बऱ्यापैकी मोठा ट्रान्सफॉर्मर घ्या. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना ही सूचना आधीच द्या : पट्टीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असेल तरच वस्तू जशीच्या तशी इथे चालते.

प्रश्न : डब्यात नेटवरून अपडेट चालू असताना लाइट गेली. आता दिवा लागतो, पण डिस्प्ले एकाच जागी अडकून राहतो. हा वेगळा आजार आहे का?
— एक वाचिका, पुसद

उत्तर : हो, वेगळा आहे. इथे एकही सुटा भाग जळालेला नाही. अपडेट म्हणजे चिपच्या स्मृतीतला जुना कार्यक्रम पुसून नवा लिहिणे. लिहिणे अर्धवट राहिले, तर चिपला पुढची पायरी कोणती हेच वाचता येत नाही. आधी प्लग अर्धा तास काढून ठेवा. मग माहितीपुस्तिकेत दिलेली दोन बटणे एकदम दाबून मूळ स्थितीवर आणण्याची कृती करून पाहा. काही यंत्रांत कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कार्यक्रम पुन्हा भरता येतो. तेही जमले नाही, तर अधिकृत केंद्रच ते काम करू शकते. गल्लीतल्या कारागिराने डबा उघडून इथे काही साधणार नाही.

पुढच्या वेळी आपोआप अपडेट होण्याची सोय बंद ठेवा. आभाळ निरभ्र असताना, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर यंत्र जोडून ते काम स्वतः करा. स्क्वेअर वेव्हचे जुने इन्व्हर्टर अशा यंत्रांना चांगले नाहीत, त्यांच्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

प्रश्न : शेवटी दुरुस्ती करावी की नवे घ्यावे? आणि पुसदसारख्या गावात ती करायची कुठे?
— एक वाचक, पुसद

उत्तर : माझे मत स्पष्ट आहे : कोणता भाग गेला हे कळल्याशिवाय यंत्र टाकू नका. फ्यूज, चकती, कपॅसिटर, रिले, स्टँडबाय सप्लाय, अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर, हे सगळे सुटे मिळतात आणि बदलता येतात. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर गावोगावी आहेत. वीजपुरवठा आणि ट्रान्झिस्टर या दोन गोष्टींत त्यांचा हात पक्का असतो. ते फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून यंत्र सुरू करतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि यंत्राचे आणखी नुकसान होत नाही. जो कारागीर सिरीज बोर्डाशिवाय थेट प्लग लावायला निघतो, त्याला थांबवा.

एचडीएमआयचा किंवा डिजिटल प्रोसेसरचा बोर्ड गेला असेल, तर यवतमाळ, नांदेड किंवा नागपूरसारख्या मोठ्या गावच्या केंद्राशी आधी फोनवर बोला आणि बोर्ड मिळतो का, कितीला, हे विचारा. भाग मिळत नसेल तरी एक वाट काही वेळा मोकळी असते : एचडीएमआय जळाले तरी ऑप्टिकल केबलचा मार्ग शाबूत राहतो. टीव्हीवरून ती केबल जोडली की ५.१ चा डॉल्बी डिजिटल आवाज पूर्वीसारखाच मिळतो. अजय-अतुल यांनी ‘सैराट’चे संगीत हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले. तशा संगीताचा पसारा पाच जागी ठेवलेल्या स्पीकरांतून जेवढा उलगडतो, तेवढा टीव्हीखालच्या एका पट्टीतून उलगडत नाही. हे ऐकण्याच्या आनंदाचे कारण आहे, आणि दुरुस्तीवर पैसे खर्च करायला मला ते पुरेसे वाटते.

वॉरंटी असेल तर झाकण उघडू देऊ नका. आकाशातली वीज आणि व्होल्टेजमुळे झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींत बसत नाही, तेव्हा अटी वाचून मगच बोला. सेवा मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे यवतमाळला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले आहे, तिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती मिळते. यंत्र खरोखरच निकामी ठरले, तर ते नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. तांब्यासाठी वायरी जाळल्या की तो विषारी धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

आणि यंत्र कारागिराकडे देताना डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा. त्यात ‘बोर्ड गेला’ असे लिहू नका. दिवा लागतो का, कोणत्या रंगाचा, ‘टक्’ किती वेळा आणि किती सेकंदांनी होते, वायरी काढल्यावर फरक पडला का, वास आला का, त्या दिवशी हवामान आणि व्होल्टेज कसे होते, एवढे लिहा. यातली एकेक नोंद एकेका पायरीची आहे. कारागिराला ती आयती मिळाली, की तो चांगले भाग उगाच उखडत बसणार नाही आणि तुम्हालाही न बिघडलेल्या भागांचे पैसे मोजावे लागणार नाहीत.